एकसष्टची कसोटी: मुलीसाठी घेतलेला सायंटिफिक कॅल्क्युलेटर

मागच्या महिन्यात मुलीसाठी सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेतला. जळगावला गोलाणी मार्केटमधलं एक छोटं दुकान, किंमत साडेतेराशे, त्यातले पन्नास दुकानदाराने सोडले. मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे, तिला तो लागणारच होता. पण गेले तीन आठवडे दिवसा तो तिच्या दप्तरात आणि रात्री माझ्यासमोर अशी वाटणी झालीय, म्हणून लिहायला मीच बसले. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. मला जे खटकलं तो या किमतीच्या जवळपास सगळ्याच यंत्रांचा स्वभाव आहे, एकट्या कंपनीच्या माथी मारणं बरं नाही.

मी पाचोऱ्याला एका जिनिंगमध्ये हिशेबाला आहे, बावीस वर्षं झाली. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की काटापट्ट्यांचा ढीग पडतो. गाडीचं वजन, रिकामी गाडी, भाव, हमाली, उचल, सगळं त्याच दिवशी रोजमेळात उतरलं पाहिजे. आता टॅली आहे, तरी माझ्या टेबलावर बारा आकडी डेस्क कॅल्क्युलेटर असतोच आणि त्याचं अधिकचं बटण दर दोन-तीन वर्षांनी बसतं. त्यामुळे बटण कसं असावं हे मला बोटाला कळतं. या नव्या कॅल्क्युलेटरची बटणं लहान आहेत, पण दाबलं की दाबल्याचं समजतं, एकदा दाबून दोनदा उमटत नाही. पडद्यावरचे आकडे ट्यूबलाइटच्या उजेडातही स्वच्छ दिसतात. वर सौर पट्टी, आत बटणसेल. सरकवायचं झाकण घट्ट बसतं, दप्तरात निघून येत नाही. माहितीपत्रक मात्र इंग्रजीत आणि अक्षर इतकं बारीक की मला चष्म्यावर भिंग धरावं लागलं. आमच्याकडे हा कॅल्क्युलेटर मराठी माध्यमातून आलेली किती मुलं घेतात! चार पानं मराठीत छापायला काय हरकत होती?

एवढं सगळ्यांसाठी. आता माझी कसोटी.

ती मी कॉलेजात असल्यापासून वापरते. बी.एस्सी.ला गणित घेतलं होतं. दुसऱ्या वर्षी सरांनी फळ्यावर ६१ लिहिले आणि म्हणाले, एक संख्या शोधा. तिचा वर्ग करा, त्याला ६१ ने गुणा, त्यात एक मिळवा. येईल ते पुन्हा कुणाचा तरी पूर्ण वर्ग असलं पाहिजे. आम्हाला वाटलं, तासाभरात होईल. कारण शेजारचे आकडे अगदी गरीब. ६० घ्या: ४ चा वर्ग १६, साठपट ९६०, एक मिळवला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ घ्या: ८ चा वर्ग ६४, बासष्टपट ३९६८, एक मिळवून ३९६९, तो ६३ चा वर्ग. दोन्हीकडे दोन मिनिटांचं काम. मधला ६१ मात्र हलेना. दोन दिवस वर्गातली अर्धी मुलं त्याच्यामागे लागली होती. तिसऱ्या दिवशी सरांनी उत्तर लिहिलं. लहानात लहान संख्या २२,६१,५३,९८०. आणि एक मिळवल्यावर ज्याचा वर्ग तयार होतो तो आकडा १,७६,६३,१९,०४९. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. याच्याखाली उत्तरच नाही.

हे उत्तर भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या बीजगणितात आहे. रीतीचं नाव चक्रवाल. पुढे १६५७ मध्ये फ्रान्समधल्या फर्माने हाच ६१ आणि त्याच्यासोबत १०९ दुसऱ्या गणितज्ञांपुढे कोडं म्हणून ठेवला, तोवर आपल्याकडे तो सुटून पाचशे वर्षं झाली होती. सरांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आजही येतो. आणि हा आकडा मला परका वाटत नाही त्याचं आणखी एक कारण आहे. भास्कराचार्यांचं विज्जडविड गाव नेमकं कुठलं यावर जाणकारांत मतभेद आहेत, पण चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखाबद्दल शंका नाही. शके ११२८ चा तो लेख. त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं, असं लिहिलंय. लेखाच्या शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत आणि त्या सरळसरळ जमाखर्चाच्या आहेत: बाजारातल्या विक्रीवर मठाला काय द्यायचं, तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल द्यायचं. गणित शिकवायच्या मठाला घाण्यामागे पळीभर तेल! मी कॉलेजच्या सहलीत पाटणादेवीला गेले तेव्हा बाकीच्या मुली धबधब्याकडे गेल्या होत्या, मी त्या नोंदीचाच विचार करत मागे राहिले. माझ्यासारख्या हिशेबनिसाला त्यापेक्षा जवळचं वाटेल असं काय असणार?

तर दुकानात मी दुकानदाराला म्हटलं, भाऊ, घेण्याआधी एक हिशेब करून बघते. त्याने बॉक्स उघडला, स्टूल पुढे केलं आणि दहा मिनिटं मला बटणं दाबू दिली. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती तरी एका शब्दाने घाई केली नाही. दुकानाला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

पहिला हिशेब असा. मोठ्या आकड्याच्या वर्गातून लहान्याच्या वर्गाची एकसष्टपट वजा करायची. उत्तर १ आलं पाहिजे. माझ्या जिनिंगमधल्या बारा आकडी कॅल्क्युलेटरचा पडदा वर्ग करतानाच भरून जातो आणि तो ई दाखवून थांबतो. मावत नाही, मावत नाही म्हणून सांगतो. त्यात फसवणूक नाही. या नव्याने ३.११९८८२९८३ गुणिले दहाचा अठरावा घात असं दाखवलं. एकसष्टपटीचंही अक्षराअक्षरात तेच. वजाबाकी दाबली. उत्तर आलं, ०.

हे शून्य मला लागलं. एकाचा फरक तो काय, असं कुणी म्हणेल. पण रोजमेळात एक रुपया लागत नसला तर मी रात्री नऊपर्यंत बसलेली आहे, कारण रुपया चुकतो तिथे मागे कधी हजार दडलेले निघतात. इथे तर त्या एकासाठीच सगळा खटाटोप. तो एक गेला तर ६१ चं कोडंच उरत नाही.

जिनिंगमधल्या जुन्या दिवाणजींनी मला पहिल्या वर्षी नवाचा ताळा शिकवला होता. आता तो शाळेत कुणी फारसा घेत नाही. आकड्यातले अंक मिळवत जायचे, नऊ झाले की टाकायचे, उरेल तो ताळा. मोठ्या आकड्याचे अंक मिळवा: १, ७, ६, ६, ३, १, ९, ०, ४, ९. बेरीज ४६, त्याचे १०, त्याचा १. ताळा १, म्हणून वर्गाचाही ताळा १. लहान्याचे अंक: २, २, ६, १, ५, ३, ९, ८, ०. बेरीज ३६, ताळा शून्य. म्हणजे त्याच्या वर्गाची एकसष्टपट, शंभरपट, काहीही करा, ताळा शून्यच. एकातून शून्य गेलं, उरला एक. यंत्र म्हणतं शून्य, ताळा म्हणतो शून्य असूच शकत नाही. हे मी दुकानात स्टुलावर बसून बोटांवर केलं. कागदही लागला नाही. नाहीतर नुसता शेवटचा अंक बघा: एक आकडा ९ वर संपतो, त्याचा वर्ग १ वर संपणार, दुसरा ० वर संपतो, त्याचं काहीही ० वरच संपणार. १ वर संपणाऱ्यातून ० वर संपणारा गेला तर शून्य कसं उरेल?

घरी येऊन पूर्ण गुणाकार हाताने केला, आकड्याचे तुकडे पाडून. वर्ग येतो ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१ आणि एकसष्टपट येते ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४००. एकोणीस आकडे, अठरा सारखे, शेवटच्यात फरक. या कॅल्क्युलेटरचा पडदा दहा आकडी, आत तो पंधराएक आकडे धरतो, पुढचं सोडून देतो. सोळाव्या आकड्यापासून काय चाललंय त्याला पत्ताच नाही. लीलावतीत भास्कराचार्यांनी एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटि अशी घरं सांगत परार्धापर्यंत नेलीत, ती अठरा. हा वर्ग त्याच्याही पुढच्या घरात, एकोणिसाव्यात पडतो. ज्या घराला त्यांनी नाव दिलं नाही तिथला आकडा त्यांनी शेवटच्या एकासकट बरोबर ठेवला. कॅल्क्युलेटर नव्हता, कागदही नव्हता. पाटी आणि धूळ. माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्याने लॅपटॉपवर पायथॉनमध्ये घालून पाहिलं, तिथे १ येतं. पायथॉनमध्ये पूर्णांक कितीही लांब चालतो म्हणे. पण लॅपटॉप परीक्षेत चालत नाही.

इथपर्यंत मी कॅल्क्युलेटरला दोनच तारे द्यायच्या विचारात होते. मग मुलीने त्यातलं अवयव पाडायचं बटण दाखवलं. शिफ्ट दाबून अंश-मिनिटांच्या बटणावर गेलं की समोरच्या आकड्याचे मूळ अवयव पाडून देतो. दहा आकड्यांपर्यंत. आपला आकडाही बरोबर दहा आकडी. मी घातला. क्षणभर पडदा रिकामा राहिला आणि मग आलं:

११ × ५९ × (२७२१६०१)

मी तीस वर्षं हा आकडा ओळखते आणि त्याला ११ ने भाग जातो हे मला माहीत नव्हतं. एक सोडून एक अंकांच्या बेरजा घेऊन पाहिलं. १, ६, ३, ९, ४ चे २३. ७, ६, १, ०, ९ चे २३. सारख्या. म्हणजे जातो. इतकी वर्षं याचा वर्ग करत आले, ताळे काढत आले, पण याच्या पोटात काय आहे हे कधी विचारलंच नाही.

पण तो कंस कशाला? माहितीपत्रकात भिंगाने शोधलं. तीन आकड्यांपेक्षा मोठे मूळ अवयव हे यंत्र शोधत नाही. उरलेला तुकडा मोठा असला आणि त्याचं पुढे काही करता आलं नाही की तो कंसात टाकून मोकळं होतं. म्हणजे कंसातली संख्या मूळ आहे की तिचे आणखी अवयव पडतात, हे तुमचं तुम्ही बघा. हे पडद्यावर कुठेही सांगत नाही. मुलीने तर वहीत २७२१६०१ मूळ संख्या म्हणूनच उतरवली होती. वर्गातली किती मुलं तसंच लिहीत असतील! जे घेताय त्यांनी एवढं लक्षात ठेवा: कंस दिसला तर काम अर्धवट राहिलंय.

ते अर्धं काम मी त्या रात्री केलं, फर्माच्या रीतीने. त्याची रीत वापरणारा प्रत्येक जण हिशेबनीस व्हायच्या लायकीचा. संख्येच्या किंचित वरचा वर्ग घ्यायचा आणि वजाबाकी पूर्ण वर्ग येते का बघायचं. आली तर दोन वर्गांचा फरक मिळाला, म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी, म्हणजे अवयव. २७,२१,६०१ चं वर्गमूळ १६४९ च्या पुढे पडतं, म्हणून १६५० पासून सुरुवात. १६५० चा वर्ग २७,२२,५००. फरक ८९९. आणि माझा श्वास अडकला, कारण ९०० असतं तर ३० चा वर्ग होता. एकाने हुकलं. याही आकड्यात पुन्हा तो एकच! १६५१ ला फरक ४२००, नाही. १६५२ ला ७५०३, नाही. १६५३ ला १०,८०८. १६५४ ला १४,११५. सासूबाईंनी आतून हाक दिली, "इतली रात व्हयनी, झोपस का नई?" १६५५ चा वर्ग २७,३९,०२५, फरक १७,४२४. आणि १३२ चा वर्ग १७,४२४. जमलं. सहाव्या पायरीला.

१६५५ मधून १३२ गेले १५२३. १६५५ मध्ये १३२ मिळवले १७८७. दोन्ही मूळ संख्या, ४३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिल्या. म्हणजे भास्कराचार्यांचा आकडा असा:

१,७६,६३,१९,०४९ = ११ × ५९ × १५२३ × १७८७

ज्या फर्माने हे कोडं घातलं, त्याच्याच रीतीने कोड्याच्या उत्तराचे तुकडे सहा पायऱ्यांत झाले. त्याने स्वतः हे कधी करून पाहिलं असेल का, असा विचार करत मी झोपले.

दुसऱ्या दिवशी जिनिंगमध्ये दुपारी थोडी उसंत होती. १५२३ हा आकडा मला कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता. कुणाची काटापट्टी असावी असं समजून दोन वेळा रजिस्टरही चाळलं. संध्याकाळी घरी कपाटातून कॉलेजची वही काढली, पानं पिवळी पडलेली. चक्रवालाचं पान उघडलं आणि तो तिथेच होता.

थोडक्यात सांगते, कारण हेच मला सगळ्यात सांगावंसं वाटतं. भास्कराचार्य ८ पासून सुरू करतात. ८ चा वर्ग ६४, ६१ पेक्षा ३ जास्त. या तिनाला क्षेप म्हणतात, तो एकावर आणायचा असतो. पुढच्या फेरीत येतात ३९ आणि ५: ३९ चा वर्ग १५२१, ५ च्या वर्गाची एकसष्टपट १५२५, क्षेप उणे ४. आता दोघांचे अर्धे करायचे, ३९/२ आणि ५/२, क्षेप उणे १. अपूर्णांक आला म्हणून घाबरायचं नाही. ही ओळ स्वतःशीच जोडायची, ब्रह्मगुप्ताच्या भावनेने, म्हणजे दोन ओळींतून नवी ओळ काढायच्या त्याच्या रीतीने. ती भास्कराचार्यांच्याही आधीची, ६२८ सालची. जोडल्यावर मिळतं १५२३/२ आणि १९५/२, क्षेप १. इथे माझा १५२३ बसला होता! पुढे आधीच्या ओळीशी जोडून २९७१८ आणि ३८०५, क्षेप उणे १, आता अपूर्णांक गेले. ती स्वतःशी जोडली की शेवटचे दोन मोठे आकडे. संपलं.

जो अवयव यंत्राने कंसात लपवला तो साडेआठशे वर्षांपूर्वीच्या कृतीत मधल्या पायरीवर उघडा उभा होता. पण तो तिथे असल्यामुळे शेवटच्या आकड्याचा अवयव का व्हावा? दोन रात्री मला हे सुटेना. शेवटचे आकडे १५२३/२ ची ओळ स्वतःशी तीनदा जोडूनही येतात एवढं दिसत होतं. तीनदा जोडण्याचं सूत्र मी लिहून काढलं: त्या आकड्याच्या घनाची चौपट, उणे त्याचीच तिप्पट. मुलगी शेजारी त्रिकोणमिती करत होती. तिने वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "आई, हे तर कॉस तीन थीटाचं सूत्र आहे." अगदी तेच होतं. चार कॉस घन थीटा उणे तीन कॉस थीटा. दोन्ही पदांत तो आकडा आहे, म्हणजे तो बाहेर निघतो, म्हणजे १५२३ ने भाग जाणारच. बाहेर काढल्यावर आत उरतं १५२३ च्या वर्गातून ३ वजा करून अर्धं केलेलं, ११,५९,७६३. आणि ते बरोबर ११ गुणिले ५९ गुणिले १७८७. तिने कॅल्क्युलेटरवर तीनदा करून पाहिलं. तिच्या पुस्तकातलं सूत्र आणि पाटण्याच्या मठात शिकवलं जाणारं गणित एकमेकांना असं भेटलेलं मी याआधी पाहिलं नव्हतं. तिनेही नाही.

मग तिलाच सुचलं ते मला तीस वर्षांत सुचलं नव्हतं. वर्गातून एक वजा केला की बेरीज गुणिले वजाबाकी होते, मग आपल्या आकड्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या संख्येचे अवयव पाडून बघू या. अलीकडची १,७६,६३,१९,०४८ घातली:

२³ × ३⁴ × १३² × १२७²

कंस नाही. पलीकडची १,७६,६३,१९,०५० घातली:

२ × ५² × ६१ × ७६१²

इथेही कंस नाही. आणि लहान आकडा २२,६१,५३,९८०:

२² × ३² × ५ × १३ × १२७ × ७६१

आता पहिल्या दोन ओळी एकमेकींशी गुणा आणि तिसरीचा वर्ग करून ६१ ने गुणा. दोनाचा चौथा घात इकडेही, तिकडेही. तिनाचा चौथा, पाचाचा वर्ग, तेराचा, १२७ चा, ७६१ चा वर्ग, आणि एक ६१. सगळं जागच्या जागी, काही उरत नाही, काही कमी पडत नाही. म्हणजे आपल्या आकड्याच्या वर्गातून एक काढला की बरोबर एकसष्टपट. जे वजाबाकीने शून्य म्हणून उडवून लावलं होतं ते याच यंत्राने तीन वेळा एकच बटण दाबून, एकही अंक न सोडता सिद्ध करून दिलं. ताळेबंद जुळावा तसं जुळलं. २९७१८ आणि ३८०५ सुद्धा यातच दिसतात: अलीकडची संख्या म्हणजे २९७१८ च्या वर्गाची दुप्पट, पलीकडची म्हणजे ३८०५ च्या वर्गाची एकशे बावीसपट. चक्रवालाची शेवटून दुसरी ओळ दोन्ही बाजूंना पहारा देत उभी आहे.

म्हणून माझे तारे पाचांपैकी चार. एक कापला तो शून्यासाठी आणि कंसासाठी मिळून. पडद्यावर नुसतं "इथून पुढचे आकडे सोडले आहेत" असं चिन्ह दिलं असतं तर तोही कापला नसता. बारा आकडी डेस्क कॅल्क्युलेटर निदान ई तरी दाखवतो. एक बारीक तक्रार आणखी, लाख-कोटीचे स्वल्पविराम पडत नाहीत. दहा आकडे सलग वाचताना पेन्सिलीचं टोक पडद्यावर फिरवावं लागतं.

अकरावी-बारावीच्या, डिप्लोमाच्या मुलांसाठी घ्यायला हरकत नाही, पैसे वसूल आहेत. दुकानदारांनो आणि जिनिंगवाल्यांनो, रोजच्या हिशेबाला हा घेऊ नका, तुम्हाला मोठी बटणं आणि बारा आकडी पडदाच बरा. गणिताच्या शिक्षकांनी मात्र अवयवांचं बटण स्वतः आधी वापरून बघावं आणि मुलांना कंसाचा अर्थ सांगावा. आणि ज्यांच्याकडे हा आधीच आहे त्यांनी एकदा १७६६३१९०४९ घालून बघा.

मुलीने वहीच्या मागच्या पानावर आता १०९ लिहिलेत, फर्माचा दुसरा आकडा. त्याचं उत्तर मला माहीत आहे, मोठा आकडा पंधरा अंकी आहे, दहा आकडी पडद्यावर तो मावणार नाही आणि अवयवांचं बटणही तिथे चालणार नाही. मी तिला काही सांगितलेलं नाही. १० पासून सुरू केलंय, क्षेप उणे ९. काल रात्री झोपताना ती २१, २, क्षेप ५ इथे पोहोचली होती.